वाट पाहणाऱ्याची फिर्याद

संकटात सापडलेल्या माणसाला आपल्याकडे जे वाक्य सर्वांत आधी ऐकावे लागते ते बहुधा ‘धीर धर, देव सर्व पाहतो आहे’ हे असते. आणि ते उच्चारणारा माणूस त्या संकटाच्या आत उभा आहे की बाहेर, एवढ्या एका गोष्टीवर त्याचा अर्थ सर्वस्वी अवलंबून असतो. आजारी लेकराच्या उशाशी रात्र जागून काढणारी आई जेव्हा ते स्वतःशीच पुटपुटते तेव्हा ती श्रद्धा असते. परंतु ज्याच्या हाती दाराची कडी आहे असा माणूस जेव्हा दारात तिष्ठत असलेल्याला तेच वाक्य ऐकवितो, तेव्हा तो देवाचे नाव पुढे करून स्वतःचे कर्तव्य चुकवीत असतो. प्रतीक्षेचा काळ कितीही लांबला तरी माणसाने ईश्वरावर भार टाकून उभे राहावे, असे मी मनापासून मानतो. आणि असे मानतो म्हणूनच या दोन गोष्टींची सरमिसळ मला लोकव्यवहाराइतकीच धर्मालाही घातक वाटते.

या विषयाचा विचार करू लागले की महाराष्ट्रातल्या माणसाचे मन पंढरपूरच्या महाद्वारापाशी जाऊन थांबते. मंदिराची पहिली पायरी नामदेवांची. तिच्यावर पाय पडू नये म्हणून यात्रेकरू जपून वर चढतात. त्या पायरीच्या समोरच, मंदिराच्या बाहेर, चोखोबांची, म्हणजे संत चोखामेळा यांची, समाधी आहे. आतले सभामंडप, सोळखांबी, चौखांबी आणि मग गाभारा, हे सारे अंतर धडधाकट माणसाने गर्दी नसताना चालून जायचे म्हटले तर काही मिनिटांतच सरते. पण चौदाव्या शतकातल्या या भक्ताला ते जन्मभरात कापता आले नाही, कारण तो महार होता. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत ढासळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर तेही गेले, त्यांच्या अस्थी नामदेवांनी शोधून काढल्या आणि महाद्वारासमोर आणून ठेवल्या, असे परंपरा सांगते व तो काळ शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ असा देते. अस्थी ओळखायच्या कशा, तर ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटेल ती चोखोबांची, अशी ही कथा आहे. तिचा चमत्कार घटकाभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच, की मरणानंतरसुद्धा त्या हाडांना उंबरठ्याच्या आत जागा मिळाली नाही.

आता या चोखोबांच्या सहनशीलतेचे जे गोडवे गाइले जातात, ते ऐकताना मला नेहमी असे वाटते, की गाणाऱ्यांनी त्यांची वाणी अर्धीच वाचली आहे. त्यांच्या अभंगांत नम्रता आहे, उच्छिष्टाची आस आहे, नामाचा अपार आनंद आहे, हे खरेच; परंतु त्यांत तक्रारही आहे, आणि ती साधीसुधी नाही. मंदिराच्या पुजाऱ्यांनी, म्हणजे बडव्यांनी, मारल्याचे गाऱ्हाणे त्यांनी प्रत्यक्ष देवाच्या कानी घातले आहे. मला या जन्माला घालून मग दूर का उभे केलेस, असे त्यांनी त्याला खडसावून विचारले आहे. त्यांचे पुत्र कर्ममेळा यांचा स्वर तर याहून तीव्र आहे; तिथे विनवणी संपून जाब सुरू होतो. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला, आणि ज्या देहातून प्रत्येक माणूस जन्मतो त्या देहाला सोवळेओवळे लावणाऱ्या शास्त्राला निरुत्तर केले. एका घरातली ही तीन माणसे आयुष्यभर दाराबाहेर राहिली, आयुष्यभर विठ्ठलाची राहिली, आणि आयुष्यभर त्याच्याशी भांडतही राहिली.

श्रद्धा आणि तक्रार एकत्र नांदू शकत नाहीत, तक्रार तोंडी आली की श्रद्धा उणी पडली असे समजावे, ही समजूत आपल्यांत फार खोल रुजली आहे आणि तिने पुष्कळ सज्जन माणसांना त्यांच्या दुःखाच्या काळात अकारण अपराधी वाटायला लावले आहे. ज्याच्या न्यायावर भरवसा नाही त्याच्या कचेरीत कोणी फिर्याद दाखल करीत नाही. अर्ज करणारा माणूस हाकिमाला मानतो म्हणूनच अर्ज करतो. चोखोबांनी गाऱ्हाणे घातले ते विठ्ठलापुढे, आणि ते सहा शतके जनतेच्या कंठात टिकले. जो मुकाट बसतो तोच काय तो खरा विश्वासू, असे मानायचे झाले तर या कुटुंबाला संतमालिकेतून वगळावे लागेल, आणि तसे करण्याची छाती कोणा वारकऱ्याला होणार नाही.

सोयराबाईंची एक कथा मला या सर्वांहून अधिक मोलाची वाटते. त्यांचे दिवस भरत आले होते, घरात दाणा नव्हता, आणि समोरचे ओझे न पेलल्यामुळे म्हणा किंवा मदत आणावी म्हणून म्हणा, चोखोबा घर सोडून आपल्या बहिणीकडे, निर्मळेकडे, निघून गेले. गावकुसाबाहेरच्या त्या झोपडीत सोयराबाई एकट्या राहिल्या. पुरुषाने संकटात पाठ फिरविली याचा राग त्यांना आला नसेल असे समजण्याचे कारण नाही. अशा वेळी दारात निर्मळा उभी राहिली. वहिनी म्हणून तिने हाक मारली, चूल पेटवून पाणी ठेवले, सुईणपण केले, बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घातले, बाळंतविडा पुढे ठेवला आणि ती निघून गेली. पुढे चोखोबा खऱ्या निर्मळेला घेऊन परतले तेव्हा उलगडा झाला, की येऊन गेलेली ती नणंद साक्षात विठ्ठल होती.

ही कथा प्रथम कोणी सांगितली याचा शोध मी केलेला नाही, पण ज्या माणसांनी ती सांगितली आणि जपली त्यांना आपण काय सांगत आहोत याची पुरती जाणीव होती, याविषयी मला शंका नाही. ज्या विटाळाचे निमित्त करून या कुटुंबाला महाद्वारात अडविण्यात आले, त्याच विटाळात, रक्तामांसाच्या आणि वारेच्या त्या व्यवहारात, देवाने आपले हात बुडविले, असे ही कथा बजावते. दार बंद ठेवणाऱ्यांनी चोखोबांना आत येऊ दिले नाही हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की आतल्या देवाला बाहेर जाण्यापासून कोणी अडवू शकले नाही. दीर्घ प्रतीक्षेतला विश्वास मी म्हणतो तो हाच. आपण ज्या दाराकडे डोळे लावून बसतो ते उघडेलच अशी हमी त्यात नाही; परंतु दार उघडत नाही म्हणून देवाने आपल्याला टाकले, असा निष्कर्ष काढण्याचेही कारण नाही, कारण तो कदाचित पाठीमागच्या वाटेने येऊन चुलीपाशी बसलेला असेल.

मात्र या विश्वासाचा जो दुरुपयोग पुढे झाला, तो विसरून वरील ओळी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १३३८ पासून १९४७ पर्यंत सहाशे नऊ वर्षे चोखोबांच्या जातिबांधवांनी वर्षानुवर्षे पंढरीची वारी केली आणि समाधीपाशी माथा टेकून, कळसाकडे पाहून ते परत फिरले. या प्रदीर्घ काळात आतल्या लोकांनी त्यांना काय सांगितले? पूर्वापार वहिवाट अशी आहे. देवाच्या मनात आले की सर्व होईल. देव भावाचा भुकेला, त्याला आत काय नि बाहेर काय! यांतले शेवटचे वाक्य तर खरेच आहे. परंतु जो स्वतः रोज आत जातो त्याने ते बाहेरच्याला सांगावे, यासारखे धर्माचे विपरीत रूप दुसरे नसेल. देवाच्या मनात आले की होईल, असे म्हणणाऱ्यांच्या कनवटीला किल्ली होती, आणि देवाचे मन कोणते नि त्यांचे स्वतःचे मन कोणते याचा विवेक त्यांनी कधी केला नाही.

नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चालविलेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि काही वर्षे रेंगाळत चालला; दार उघडले नाही. त्याच सुमारास, त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी पंढरपूरला जाण्याची इच्छा बोलून दाखविली असता, जिथे आपल्या माणसाला देवापासून दूर उभे राहावे लागते त्या पंढरीला जाण्यापेक्षा आपण आपली निराळी पंढरी उभारू, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी दिल्याचे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. रमाबाई २७ मे १९३५ रोजी वारल्या. १३ ऑक्टोबरला येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. या माणसाने वाट पाहणे सोडले, म्हणून त्याला श्रद्धाहीन ठरविण्याचा अधिकार आम्हा देव मानणाऱ्यांना मुळीच नाही. अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा जो इंग्रजी ग्रंथ त्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. देवळाकडे पाठ फिरविताना त्यांनी देवळाबाहेरच्या भक्ताकडे पाठ फिरविली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे दुःख आणि त्याचे गांभीर्य दोन्ही कळून येतात.

आणि दुसऱ्या बाजूला साने गुरुजी. देवावर ज्याचा अगाध विश्वास आहे अशा माणसाने दुसऱ्याच्या प्रतीक्षेकडे कसे पाहावे, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. मंदिरप्रवेशासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. त्यांना स्वतःला गाभाऱ्यात जाण्यास कोणाची आडकाठी नव्हती; त्यांची प्रतीक्षा केव्हाच संपलेली होती, किंबहुना ती कधी सुरूच झाली नव्हती. तरीही दुसऱ्याचे तिष्ठणे त्यांनी आपल्या देहावर घेतले. देवाच्या मनात येईल तेव्हा होईल, असे ते म्हणाले नाहीत. देवाच्या मनात हे केव्हाचेच आहे, खोटी आहे ती आपल्या मनांची, असे मानून ते अन्नावाचून पडून राहिले. सुमारे दहा दिवसांनी मंदिराच्या चालकांनी दार उघडण्याचे मान्य केले. मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षी झाला. मंदिर खुले होण्यापूर्वी काही सनातनी मंडळींनी मूर्तीतले देवत्व मंत्राने घागरीत उतरवून बाजूला नेले, असे सांगतात. ज्यांनी आयुष्यभर देवाच्या अंगाला हात लावून पूजा केली त्यांना तो एका घागरीत मावेल असे वाटावे आणि ज्यांना त्याचे पायही दिसले नव्हते त्यांना तो झोपडीत बाळंतपण करायला येतो हे ठाऊक असावे, यावरून देवाचा परिचय अधिक कोणाला झाला होता ते उघड आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगितला तरी चालेल. बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपविणारा पंढरपूर मंदिरे कायदा १९७३ चा. त्यावर दावे, अपिले, तहकुब्या होत होत सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला तो जानेवारी २०१४ मध्ये. कोर्टाच्या तारखा मोजता मोजता एक पिढी सरली. याचा दोष कोणी देवाला दिला नाही, हे ठीकच झाले.

परंतु माणसाच्या आयुष्यात अशीही प्रतीक्षा असते, की जिच्या दाराशी कोणी द्वारपाल नसतो. न उतरणारे दुखणे, न हलणारा पाळणा, परागंदा झालेला मुलगा, लांबलेला पाऊस. इथे कोणाविरुद्ध दरखास्त करावी? आषाढी एकादशी येते ती नेमकी अशा वेळी, की आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीस पालखी निघते तेव्हा मृगाचा पाऊस झाला असेल तर पेरण्या उरकलेल्या असतात, आणि नसेल तर शेतकरी निम्मे चित्त मागे शिवारात ठेवूनच वाट चालत असतो. अशाच एका ओढग्रस्त वर्षी दर्शनबारीत मराठवाड्याकडचे एक वृद्ध गृहस्थ माझ्या पुढे होते. लोखंडी नळ्यांच्या त्या अरुंद गल्लीत माणसे पुढे सरकत, थांबत, खाली बसत. कोणी पिशवीतून भाकरीचा तुकडा काढी, कोणी पेंगुळलेले मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई. मागून ‘चला माउली’ अशी हाक आली की सारे पुन्हा उठून चार पावले पुढे होत. म्हातारबुवांचे पाय सुजलेले होते आणि धोतराचा सोगा मातीने तांबडा झालेला होता. पेरणी झाली का, असे मी विचारले.

“धूळपेरणी करून आलोय, माउली,” ते म्हणाले. “आता त्याचं तो बघंल.”

“आणि पाऊस लांबला तर?”

“तर दुबार पेरायचं. बी उसनं आणायचं. दुसरं काय?”

कोरड्या मातीत, आभाळात ढग नसताना, पदरचे बियाणे टाकून निघून येणे हा केवढा धोका आहे, हे ज्यांनी शेती केली त्यांना सांगायला नको. कृषिखाते तर पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका असा इशारा दरवर्षी देत असते, आणि तो योग्यच असतो. त्या वृद्धाची पेरणी शहाणपणाची होती की नव्हती, या वादात मी शिरत नाही. मला जे त्यांच्या बोलण्यात आढळले ते असे, की पाऊस येईलच असे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचा विश्वास हे भाकीत नव्हते. देव पाऊस पाडील म्हणून तो देव, असा करार त्यांनी केलेला नव्हता. बियाणे बुडाले तरी वारी बुडणार नव्हती, आणि वारी केली म्हणून दुबार पेरणीची तयारी सुटणार नव्हती. नवसाच्या मार्गाने जाणाऱ्या आपल्या बहुतेकांचा विश्वास मुदतीचा असतो. अमुक तिथीपर्यंत काम झाले तर देव खरा. मुदत टळली की मन कडू होते, आणि त्या कडवटपणात आधी घरातली माणसे भाजून निघतात. दीर्घकाळ वाट पाहणाऱ्याला खरे भय असते ते या कडवटपणाचे. ईश्वरावरच्या भरवशाने प्रतीक्षा एका दिवसानेही कमी होत नाही, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. पण त्या भरवशामुळे माणूस वाट पाहत असतानाही सकाळी उठून गुरांना वैरण घालतो, शेजाऱ्याच्या लग्नात मनापासून हसतो, आणि ज्याला आपल्याआधी मिळाले त्याचा मत्सर करीत नाही, हेही पाहिले आहे. हा लाभ सामान्य नव्हे.

आपल्या दैवताचीच कथा पाहावी. आईबापांचे पाय चेपीत असलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाकडे वीट फेकली आणि हातचे काम होईपर्यंत थांबायला सांगितले. आणि देव थांबला, तो अठ्ठावीस युगे कमरेवर हात ठेवून उभाच आहे. भक्ताला वाट पाहायला लावणारे देव जगात पुष्कळ असतील. सेवेत गुंतलेल्या मुलाची वाट पाहणारा देव आपल्याला लाभला आहे. ज्याला स्वतःला तिष्ठण्याचा अर्थ ठाऊक आहे, त्याच्यापाशी आपले तिष्ठणे घेऊन जाण्यास संकोच कसला?

म्हणूनच माझे म्हणणे आहे ते प्रतीक्षा करणाऱ्यांना उद्देशून फारसे नाहीच. त्यांना उपदेशाची गरज नसते. ते आहे किल्लीवाल्यांना उद्देशून. सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण बांधले गेले, शिवाजीसागराच्या पाण्याखाली गावे, शिवारे, ग्रामदैवतांच्या घुमट्या गेल्या, त्या धरणाच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले आणि आपल्या घरांत दिवे लागले. साठ वर्षे उलटून गेली तरी त्या धरणग्रस्तांतल्या अनेक कुटुंबांचा पर्यायी जमिनीचा प्रश्न आजही निकाली निघालेला नाही. पुनर्वसनाच्या दप्तरात नाव आहे तर जमीन नाही, जमीन दाखविली तर कब्जा नाही, कब्जा मिळाला तर सातबाऱ्यावर नोंद नाही, अशा चकरा मारण्यात आजोबांचे आयुष्य गेले आणि आता नातू त्या फाइली घेऊन उभा आहे. या माणसाला मोर्चाच्या दिवशी जर कोणी अधिकारी किंवा पुढारी ‘थोडा धीर धरा, देव सर्वांचे भले करतो’ असे सांगू लागला, तर त्याने महाद्वारातल्या त्या जुन्या वहिवाटीचीच री ओढली असे मी म्हणेन. जी गोष्ट एका सहीने होण्यासारखी आहे ती देवाच्या अंगावर टाकणे ही देवाची विटंबना आहे. निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणारी विधवा, नेमणुकीच्या यादीत नाव लागूनही वर्षानुवर्षे हुकमाची वाट पाहणारा तरुण, यांचे तिष्ठणे कोणा दैवी योजनेतून उद्भवलेले नाही. त्याला टेबल आहे, खाते आहे, जबाबदार इसम आहे.

एक विनंती मात्र कीर्तनकार महाराजांना करायची आहे, कारण सामान्य माणसाच्या मनात देव कसा उभा राहतो हे शाळा आणि वर्तमानपत्रे यांच्यापेक्षा त्यांच्याच हाती अधिक आहे. यंदाच्या आषाढीत ते चोखोबांचे आख्यान लावतील तेव्हा त्यांच्या धीराचे वर्णन त्यांनी अवश्य करावे. पण त्याच बैठकीत त्यांची फिर्यादही सांगावी, कर्ममेळ्याचा प्रश्न मवाळ न करता श्रोत्यांपुढे ठेवावा, सोयराबाईंना एकटीला सोडून चोखोबा निघून गेले हेही झाकू नये, आणि दार कोणी बंद ठेवले, किती वर्षे ठेवले, ते शेवटी कोणाच्या उपोषणाने आणि कोणत्या साली उघडले, हे आकड्यांनिशी सांगावे. समोर बसलेल्यांत काही वाट पाहणारे असतील आणि काही किल्ल्या बाळगणारे असतील. दोघांनीही एकच आख्यान पुरते ऐकण्याची आता नितांत आवश्यकता आहे.